शहाण्णव गाणी

२०१७ च्या मार्चमधला गुरुवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास मुंबईहून आमच्या प्रोग्रॅमिंग हेडचा फोन आला. पहिलंच वाक्य, "जरा बाहेर जाऊन बोल." मी जिन्यात गेले. नाशिकचं आमचं एफएम स्टेशन तिसऱ्या मजल्यावर आणि दुसऱ्या मजल्यावर हाडांचा दवाखाना, त्यामुळे जिन्यात कायम कोणी ना कोणी पाय लांब करून बसलेलं असे. "एक मेपासून आपण रेट्रो," सर म्हणाले. "सत्तर, ऐंशी, नव्वद. नवीन गाणं एकही नाही. इतक्यात कोणाला बोलायचं नाही, आरजेंना तर अजिबात नाही." प्लास्टर घातलेले एक आजोबा माझ्याकडे टक लावून बघत होते. मी "हो सर, चालेल सर" एवढंच म्हणून फोन ठेवला. मग डोक्यात आलं, एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन. त्याच दिवशी आम्ही नाशिककरांना सांगणार होतो की आजपासून जुनी हिंदी गाणी ऐका.

त्या स्टेशनवर मी २००८ पासून होते. जाहिरातींची स्क्रिप्ट लिहायला लागले, मग प्रोड्यूसर झाले आणि मग म्युझिक मॅनेजर. म्हणजे तू गाणी लावतेस का, असं लग्नकार्यात हमखास विचारतात. नाही म्हटलं तर त्यांना वाटतं आरजे लावतो. तेही खरं नाही. रोज दुपारी मी दुसऱ्या दिवसाच्या चोवीस तासांचा लॉग काढायचे, त्यात कुठलं गाणं किती वाजून किती मिनिटांनी हे सगळं येतं, आणि आरजे त्या गाण्यांच्या मधल्या फटीत बोलतो. श्रोत्याची फर्माईश आली तरी बहुतेक वेळा लॉगमध्ये तासाभरात तेच गाणं आहे का ते बघतात, आणि असेल तर "खास तुमच्यासाठी" म्हणतात. हे सांगितलं की लोक नाराज होतात, म्हणून मी सहसा सांगत नाही.

लॉग काढतं ते सॉफ्टवेअर. आमच्याकडे सिलेक्टर होतं, जगभर चालतं तेच. त्याचं डोकं साधं आहे. पत्त्यांची गड्डी समजा. वरचं पान काढायचं, वाजवायचं, गड्डीच्या तळाशी सारायचं. प्रत्येक प्रकारच्या गाण्यांची वेगळी गड्डी, आणि एका तासात कुठल्या गड्डीतून किती पानं काढायची हे ठरवणारं एक घड्याळ, त्याला आम्ही क्लॉकच म्हणतो. वरचं पान एखाद्या नियमात बसत नसेल, म्हणजे तोच गायक आत्ताच होऊन गेला असेल, तर खालचं बघायचं. बस, एवढंच. पुढे जे झालं ते या "एवढंच"मुळे झालं.

बदलायची गरज का पडली, ते मला न विचारताही कळत होतं. नव्या हिट गाण्यांच्या फॉरमॅटमध्ये वरच्या गड्डीत फक्त आठ गाणी असायची आणि दर तासाला त्यातली तीन. हिशेब करा, प्रत्येक गाणं दोन तास चाळीस मिनिटांनी परत, दिवसातून नऊ वेळा. शहरातलं दुसरं, तिसरं स्टेशनही तीच आठ वाजवत होतं. कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत मी एकदा पैज लावून हरले होते, रेडिओवर चाललंय ते आपलंच स्टेशन आहे म्हणून. त्यात सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. फुकट डेटा मिळाल्यावर कॉलेजच्या मुलांना नवीन गाण्यासाठी आमची वाट बघायचं काही कारणच उरलं नाही. दोन तास चाळीस मिनिटं कोण थांबणार? उरले दुकानदार, रिक्षावाले, गाडी चालवत सिन्नर-ओझरला नोकरीला जाणारे आणि स्वयंपाकघरं.

उरले म्हणजे किती, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. रेडिओ किती जण ऐकतात हे मोजणारी रॅम नावाची पद्धत २००७ मध्ये आली, पण ती मोठ्या मोजक्या शहरांपुरती. निवडक घरांना डायरी द्यायची, त्यांनी काय ऐकलं ते त्यात भरायचं. नाशिकमध्ये तसं काही नव्हतं. म्हणजे मुंबईतलं स्टेशन निदान आकड्यांकडे बघून नाव आणि गाणी बदलायचं. तिथल्या १०४.८ चंच बघा, बायकांसाठी गप्पांचं चॅनल म्हणून म्याऊ, मग ओय, मग प्रेमाच्या गाण्यांचं इश्क. आम्ही बदलत होतो ते अंदाजावर आणि सेल्सवाल्यांच्या तक्रारींवर.

अंदाजाला आधार म्हणून एप्रिलच्या पहिल्या रविवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये चाचणी ठेवली. गाण्याचा सगळ्यात ओळखीचा सात-आठ सेकंदांचा तुकडा, त्याला हुक म्हणतात, असे तीनशे हुक एकामागून एक ऐकवायचे आणि लोकांनी कागदावर खुणा करायच्या: माहीत नाही, आवडत नाही, ठीक, आवडतं, खूप आवडतं, आणि शेवटचा रकाना "आवडायचं पण आता कंटाळा आला". या शेवटच्या रकान्याला आमच्या धंद्यात बर्न म्हणतात. चौसष्ट माणसं आली. तीस ते पन्नास वयाची, सिडको, सातपूर, पंचवटी, देवळाली अशी वाटून. येण्याचे पाचशे रुपये आणि मधल्या सुट्टीत मिसळ. कशासाठी बोलावलंय ते सांगितलं नव्हतं. एका काकांना वाटलं टाइमशेअरवाले, म्हणजे सुट्टीच्या रिसॉर्टची स्कीम गळ्यात मारणारे आहेत, ते पाकीट घेईपर्यंत हात बांधून बसले होते.

पहिले वीस-पंचवीस हुक शांततेत गेले. मग एक तुकडा ऐन ओळीच्या मध्ये तुटला आणि हॉलच्या मागच्या कोपऱ्यातून पुढचे शब्द आले. कोणीतरी हसलं. त्यानंतर बांध फुटला. तुकडा तुटायचा आणि पंधरा-वीस माणसं ओळ पुरी करायची, काही तर पुढचं म्युझिक सुद्धा तोंडानं वाजवायची. मुंबईहून आलेला रिसर्चवाला मुलगा वैतागला, "प्लीज, एकमेकांना इन्फ्लुएन्स करू नका." मी मात्र माझ्या वहीत खुणा करायला लागले. हॉलनं ओळ पूर्ण केली की चांदणी. शेवटी बेचाळीस चांदण्या झाल्या. आठवड्यानं एक्सेल आली तेव्हा त्या बेचाळीसपैकी सतरा गाणी बाद होती, कारण "कंटाळा आला"चा आकडा तीस टक्क्यांच्या वर. जे गाणं माणूस डोळे मिटून पूर्ण करतो, त्याच्यापुढेच तो कंटाळा आल्याची खूण करतो. आईच्या हातच्या वरणभाताबद्दल विचारलं तर कोणीही "रोज काय तेच" म्हणेल, तसं. मी हे सरांना सांगून बघितलं. सर म्हणाले, एक्सेल बघ, वही ठेव. वही ठेवली.

खरं काम लायब्ररीचं. मुंबईहून हार्ड डिस्क आली, तिच्यात साधारण तेराशे जुनी गाणी. प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून माहिती भरायची: दशक, गायक, संगीतकार, चाल किती वेगवान, मूड, सुरुवातीला शब्द सुरू होईपर्यंत किती सेकंद, शेवट विरत जातो की थाडकन थांबतो. मी आणि एक इंटर्न मुलगी, सकाळी नऊ ते रात्री नऊ, वीस दिवस. ती २०१७ मध्ये वीस वर्षांची होती. तिला यातली निम्मी गाणी फक्त रिमिक्सवरून माहीत होती, आणि मूळ गाणं ऐकून ती "अरेच्चा, हे स्लो पण आहे?" असं म्हणायची.

दुसऱ्या दिवशीच तिनं विचारलं, "ताई, या गाण्याच्या मागे टिकटिक-टाकटाक काय वाजतंय?" हेडफोन घेतला आणि कपाळावर हात मारला. झंकार! नव्वदच्या दशकात कॅसेट कंपन्यांनी जुन्या गाण्यांवर वरून इलेक्ट्रॉनिक ठेका बडवून "झंकार बीट्स" म्हणून विकली होती. एसटी कॅन्टीनमध्ये, ट्रकमध्ये तीच वाजायची. हार्ड डिस्कवर कोणीतरी त्याच कॅसेटवरून गाणी उतरवलेली. चाळणी लावली तर अशी एक्केचाळीस सापडली. आणखी दोन गाण्यांत मधेच कॅसेट घासल्याचा आवाज होता, एकात तर चक्क कोणीतरी खोकत होतं.

लांबीचं दुखणं वेगळं. तासाला पंधरा मिनिटं जाहिराती धरल्या, चार-पाच मिनिटं बोलणं, तर गाण्यांना चाळीस मिनिटं उरतात. तासाला दहा गाणी हवीत असा हुकूम, म्हणजे एकेक चार मिनिटांचं. जुनं गाणं सहज साडेपाच-सहा मिनिटांचं असतं. कापायचं कुठून? इंटर्ननं पहिल्या दिवशी सगळ्या गाण्यांची सुरुवातीची म्युझिकं कापली. मी ती परत लावली आणि मधला अंतरा काढला. आजही मला वाटतं मी वाईटातला वाईट पर्याय निवडला. सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी देवळालीहून एका निवृत्त गृहस्थांचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला, एकदम शांत, कारकुनी मराठीत: "महोदया, आपण काल रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी जे गीत प्रसारित केले त्यातील दुसरा अंतरा आढळला नाही. कृपया शोध घ्यावा." आम्ही तो मेसेज भिंतीवर लावला. त्या पिढीचा कान विविध भारतीवर तयार झालेला आहे. १९५७ पासूनची सवय, आणि १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या तेव्हा मुंबईबरोबर पुणे-नागपूरही त्यात होतं, म्हणजे जाहिराती त्यांना नव्या नाहीत. पण जाहिरातीसाठी अंतरा खाल्लेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

पैशाचं म्हणाल तर गाणी वाजवण्याचं गणित तेव्हा सोपं होतं. आधी तासाच्या हिशेबानं रॉयल्टी भरावी लागायची. २०१० मध्ये कॉपीराइट बोर्डानं निर्णय दिला आणि पीपीएल या संगीत कंपन्यांच्या संस्थेतल्या कंपन्यांसाठी ती जाहिरातींच्या निव्वळ उत्पन्नाच्या दोन टक्के झाली. म्हणजे जास्त गाणी वाजवली म्हणून बिल वाढणार नव्हतं. पण प्रत्येक गाण्याची कंपनी कुठली आणि तिच्याशी आपला करार आहे का, हे बघावंच लागतं. हे काम मुंबईचा कायदा विभाग करत होता आणि त्यांचा वेळ त्यांचाच होता. त्यांची यादी आली जूनमध्ये, आम्ही ऑन एअर गेल्यावर दीड महिन्यानं. तिच्यावर परत येतेच.

सॉफ्टवेअरला नियम शिकवताना एक गंमत झाली. नव्या गाण्यांत गायक भरमसाट, त्यामुळे "एका गायकाच्या दोन गाण्यांत साठ मिनिटांचं अंतर" हा नियम बिनबोभाट चालायचा. जुन्यात तोच नियम लावला आणि लॉग काढला तर अर्ध्या जागा रिकाम्या. सत्तर-ऐंशीत किशोर, लता, आशा, रफी. नव्वदच्या पूर्वार्धात कुमार सानू, ज्यांना फिल्मफेअर सलग पाच वर्षं मिळालं, आणि त्यांच्या जोडीला अलका याज्ञिक, उदित नारायण. तासाला दहा गाणी लावायची आणि किशोर एकदाच? कसं जमणार? शेवटी गायकाचं अंतर वीस मिनिटांवर आणलं आणि त्याऐवजी हिरोचं अंतर लावलं. आपल्याकडे माणूस गाणं हिरोवरूनच ओळखतो. लागोपाठ दोन गाणी किशोरची चालतात, लागोपाठ दोन बच्चनची झाली की फोन येतो. हिरोचा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. "संगीत कंपनी"च्या रकान्यात मी हिरो भरले. नंतर कायदा विभागानं त्या रकान्यावरून अहवाल काढला, तेव्हा जी काही पळापळ झाली ती इथे सांगत नाही.

तरीही मध्यरात्रीनंतरच्या तासांत जागा रिकाम्या राहत होत्या. पहाटे चारला सॉफ्टवेअर हात वर करायचं. गड्डीत वरून खाली सगळं बघितलं, नियमात एकही बसत नाही म्हणायचं. एक नियम होता, "काल ज्या तासाला वाजलं, आज त्या तासाला नको". तो मी बंद केला. रिकाम्या जागा भरल्या. रात्रीचे साडेअकरा झाले होते, घरी जायचं होतं.

आरजेंना सांगितलं ते शुक्रवारी, २८ एप्रिलला, मीटिंग रूममध्ये समोसे ठेवून. समोसे बघूनच त्यांना कळलं. संध्याकाळच्या शोचा मुलगा तेवीस वर्षांचा, वेगवान, त्याची अख्खी फॅन मंडळी कॉलेजातली. त्यानं एकच विचारलं, "म्हणजे मी काकांशी बोलायचं?" दुपारच्या शोची आमची आरजे चाळिशीची, जिला दोन वर्षांपूर्वी "आवाज थोडा यंग कर" असं सांगण्यात आलं होतं. ती काही बोलली नाही. समोसा खाल्ला, चहा मागवला, अजून एक समोसा खाल्ला.

अमेरिकेत फॉरमॅट बदलायच्या आधी स्टेशनं मुद्दाम दोन-तीन दिवस भलतंच काही वाजवतात, एकच गाणं पुन्हा पुन्हा किंवा भर उन्हाळ्यात नाताळची गाणी, म्हणजे लोक बोलायला लागतात. आमच्या साहेबांनाही तसं काही हवं होतं. शनिवार-रविवार दोन दिवस कोणीही बोलायचं नाही, फक्त गाणी आणि मधे घड्याळाची टिकटिक, असं ठरलं. शनिवारी दुपारी मेन रोडवरचा एक कापड दुकानदार वर चढून आला. त्याला वाटलं स्टेशन बंद पडलं आणि त्याचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

त्या शनिवारी रात्री मी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमबद्दल वाचत बसले होते. १९७२ पासून जुनी गाणी वाजवणारं हे स्टेशन ३ जून २००५ ला अचानक दुसऱ्याच फॉरमॅटवर गेलं. लोक इतके चिडले की शेवटी १२ जुलै २००७ ला ते परत जुन्या गाण्यांवर आलं. मी सरांना पाठवलं. त्यांचं उत्तर: "ते जुन्याकडून नव्याकडे गेले होते. आपण उलटं करतोय. झोप." मुद्दा बरोबरच होता म्हणा.

महाराष्ट्र दिनाचा प्रश्न मी शेवटपर्यंत लावून धरला. साहेबांचं म्हणणं, ब्रँड सगळ्या शहरांत एकच हवा. मी म्हटलं, सर, नाशिकमध्ये जुनं गाणं म्हटलं की निम्म्या घरांत आधी मराठी आठवतं, भावगीत आठवतं, सकाळी अभंग आठवतो. मुंबईत बसून ते दिसत नाही. बरीच घासाघीस होऊन सकाळी सहा ते नऊ तासाला एक मराठी गाणं आणि रविवारी सकाळी एक तास मराठी, एवढं पदरात पडलं. एक मेला सकाळी सहाचं पहिलं गाणं मराठी लागलं. ते मी लॉगमध्ये हातानं बसवलं होतं, कोणाला न विचारता.

पहिला आठवडा शिव्यांचा. त्या तेवीस वर्षांच्या मुलाला तर रोज. नवीन गाण्यात शब्द सुरू व्हायला आठ-दहा सेकंद असतात आणि आरजे बरोबर शब्दाच्या तोंडाशी बोलणं संपवतो, हे त्याचं कसब. आता समोर पस्तीस-चाळीस सेकंदांचं सतार-व्हायोलिन आलं, आणि त्याला वाटलं वा, मोकळं रान. पस्तीस सेकंद बोलला. पंचवटीतल्या एका बाईंचा फोन: "बाळा, तू बोलतोस छान, पण ते सुरुवातीचं वाजतं ना, तेच ऐकायला लावते रे मी." त्यानं प्रयत्न केला, खरंच केला. गीतकार-संगीतकार पाठ केले, सावकाश बोलायला लागला. जुलैत तो व्हिडिओ बनवणाऱ्या एका कंपनीत गेला. दुपारची आरजे मात्र फुलली. तिला फार काही करावं लागलं नाही. गाण्याच्या आधी संगीतकाराचं नाव घ्यायची आणि गप्प बसायची. तिच्या शोला मेसेज तिपटीनं वाढले.

जाहिरातींचं सगळं उलटंपालटं झालं. मोबाईलची दुकानं गेली, कॅफे गेले. त्यांच्या जागी सराफ आले, शेंगदाणा तेल, गुडघ्याचं तेल, केसांचा रंग, प्लॉटच्या स्कीम. एका महिन्यात गुडघ्याच्या तेलाचे इतके स्पॉट झाले की खालच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी लिफ्टमध्ये मला हटकलं. जेईईचे क्लासवाले आधी सोडून गेले आणि ऑगस्टमध्ये स्वतःहून परत आले. त्यांच्यातला एक जण सेल्सच्या माणसाला म्हणाला, "फी मुलगा भरतो का? बाप भरतो. बाप तुमच्याकडे आहे." बाकी सगळ्या चाचण्या, रकाने, टक्के एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे.

आता ती शहाण्णव.

सुरुवातीला माझ्या तीन गड्ड्या अशा होत्या: सगळ्यात लाडकी पंच्याऐंशी गाणी, तासाला तीन. मधली एकशे दहा, तासाला चार. आणि तळाची तीनशे चाळीस, तासाला तीन. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कायदा विभागाची यादी आली. मधल्या गड्डीतली नऊ गाणी करारात बसत नव्हती, ती काढली. त्याच दिवशी झंकारवाल्यांपैकी ज्यांची मूळ प्रत कुठेच मिळेना अशी पाच काढली. एकशे दहातून चौदा गेली, शहाण्णव राहिली. नवीन घालायची तर मुंबईची मंजुरी, म्हणून तसंच ठेवलं.

ज्यांचं गणित माझ्यापेक्षा बरं आहे त्यांना दिसलंच असेल. तासाला चार, दिवसाला शहाण्णव. गड्डीत पानं शहाण्णव. म्हणजे बरोबर चोवीस तासांनी तेच पान वर. आणि "काल याच तासाला वाजलेलं आज नको" हा नियम मी एप्रिलमध्येच बंद करून घरी गेले होते. एखादं पान गायकाच्या नियमामुळे जरा पुढे-मागे सरकायचं, दहा मिनिटं इकडे किंवा तिकडे, पण तास तोच. अख्खं शहर रोज त्याच वेळेला तीच गाणी ऐकत होतं आणि मला पत्ता नव्हता, कारण मी लॉग कागदावर बघायचे. ऐकायचे कुठे?

लक्षात आणून दिलं ते आमच्या ऑफिस बॉयनं, जुलैच्या शेवटी. "मॅडम, मी पाण्याचे जार वर आणतो तेव्हा रोज हेच गाणं असतं. आवडतं का तुम्हाला?" मी हसले, आणि मग हसू गळालं. मागच्या पाच आठवड्यांचे लॉग काढून शेजारी-शेजारी ठेवले. वॉलपेपरसारखं दिसत होतं. अशी चूक शिकाऊ पोरं करतात, आणि मला नऊ वर्षं झाली होती.

सरांना फोन केला, खरं ते सांगितलं, पाच गाण्यांची मंजुरी घेतली. पाचही गाणी वहीतल्या बाद चांदण्यांमधून घेतली, सरांनी विचारलं नाही. गड्डी झाली एकशे एकची, आहेराच्या पाकिटासारखी. नियम परत चालू केला. पहाटेच्या रिकाम्या जागा रोज हातानं भरायच्या असं ठरवलं आणि निवांत झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला. मागे कुकरची शिट्टी, भांड्यांचा आवाज. "ताई, मी पवननगरहून बोलते. ते सकाळचं गाणं तुम्ही बंद केलं का हो? ते लागलं की मी पोराला बूट घालायला बसवते. गाणं संपेस्तोवर व्हॅन कोपऱ्यावर येते. दोन दिवस झाले, व्हॅन चुकतीये." दुपारी एका पानटपरीवाल्याचा फोन, रात्री सव्वादहाला त्याचं ठरलेलं गाणं वाजलं की तो शटर ओढायचा. मग अंबडच्या कारखान्यातला एक जण. आठवड्यात असे सहा जण. पाच आठवड्यांत त्या माणसांनी माझ्या चुकीला आपापली घड्याळं लावून घेतली होती. आणि लायब्ररी, चाचणी, अंतरे, हिरो, हे जे सगळं मी जीव तोडून केलं होतं, त्याबद्दल असा एकही फोन आला नव्हता.

सरांना सांगितलं तर ते बराच वेळ हसले. म्हणाले, बग लोकांना आवडला म्हणून बग ठेवता येत नाही, गाणी जळून जातील. हेही बरोबर. बाकीचे पाच जण सोडून दिले. पण पवननगरच्या बाईंचं गाणं मी लॉगच्या साच्यात सहा चाळीसला कुलूप लावून ठेवलं, सोमवार ते शनिवार. सॉफ्टवेअरमध्ये असं हातानं बसवलेलं गाणं लाल रंगात दिसतं. रोज दुपारी लॉग काढला की अडीचशे काळ्या ओळींत ती एक लाल ओळ दिसायची. बाईंचा परत मेसेज आला नाही, म्हणजे व्हॅन मिळत असावी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जाहिराती तर त्याही आधी आटल्या. निम्मा स्टाफ घरून काम करायला लागला आणि मग वर्षभरात ठरलं की आमच्यासारख्या शहरांचे लॉग यापुढे मुंबईहूनच निघतील, सगळ्यांना एकच. मी सगळ्या गड्ड्या, क्लॉक, नियम मुंबईच्या मुलाला फोनवर समजावून दिले. हिरोचा रकाना बघून तो खूश झाला. मग म्हणाला, "मॅम, एक सहा चाळीसचा लॉक दिसतोय. हा कसला?"

"शाळेची व्हॅन," मी म्हटलं.

"पण शाळा तर बंद आहेत ना?"

बंदच होत्या. त्यानं तो काढला.